पाटी आणि किल्ली

तुमच्या दारापर्यंत जो रस्ता येतो, तो कोणी केला? कंत्राटदाराचं नाव नको, ते फलकावर ठळक असतंच. ज्यानं मशीन चालवलं, ज्यानं खडी दाबली, त्याचं नाव सांगा. येत नाही ना? मग आर्डिस रेडविलोची गोष्ट ऐका.

आर्डिस शाळा संपवून घरी बसली होती, त्या वर्षी अमेरिकेतल्या आमच्या लाकोटा आदिवासींच्या राखीव मुलखातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचं काम निघालं. कंत्राट पूर्वेकडच्या एका कंपनीला मिळालं. रोलर त्यांचे, ट्रक त्यांचे, माणसं त्यांची, जेवणाचे डबेसुद्धा त्यांचेच. लाकोटांच्या जमिनीवर काम करायचं तर लाकोटांना कामावर घ्यायचं, असा नियम होता. घेतलं की. आर्डिसच्या हातात लांब दांडीची एक पाटी दिली. तिच्या एका बाजूला 'थांबा', दुसऱ्या बाजूला 'हळू'.

सबंध उन्हाळा तिनं ती पाटी फिरवली. रस्ता जिथून जात होता तिथं पूर्वी तिच्या आजोबांचे घोडे चरायचे. आता तिथं उभं राहून ती दुसऱ्यांच्या गाड्या अडवायची आणि सोडायची. गाडीवाले काच वर करून घ्यायचे, धूळ मात्र तिच्यासाठी मोकळी. समोर ग्रेडर चालायचा. त्याचं ते लांब पातं माती अशी सारखी करत जायचं, की जणू कोणी सायीवरून हात फिरवतंय. आर्डिसची नजर त्या पात्यावरून हलायची नाही. दोनदा तिनं चुकीची बाजू दाखवून दोन्हीकडच्या गाड्या समोरासमोर आणल्या, त्या याच नादात.

शेवटी तिनं मुकादमाला विचारलं, मला त्याच्यावर बसायला कधी मिळेल?

"परवाना आहे का?"

"कुठे मिळतो?"

"शहरात."

"आणि शहरात जायचं कसं?"

मुकादम हसला. "रस्ता आहे की. आत्ताच तर केलाय आम्ही."

त्याच्या माणसांना तो विनोद फार आवडला. आर्डिसनंही तो लक्षात ठेवला, पण आवडला म्हणून नव्हे. काम संपलं, कंपनी मशीनं घेऊन निघून गेली. पाटी तिनं परत केली नाही, आणि ती मागायची कोणाची छातीही झाली नाही.

पुढची काही वर्षं तिनं जमातीच्या रस्ते-खात्यात मिळेल ते काम केलं. टायर बदलले, डिझेल भरलं, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर फावड्यानं मीठ टाकलं. एका हिवाळ्यात ग्रेडरवाल्या क्लेमेंटमामाची पाठ आखडली. हा मामा काही तिच्या रक्ताचा नाही, पण आमच्याकडे ज्याला मामा म्हटलं तो मामाच. त्यानं तिला शेजारी उभं केलं आणि म्हणाला, पाठीपायी माझे हात चालत नाहीत, तोंड चालतंय, तेव्हा हात तुझे. त्या हिवाळ्यात ती पातं धरायला शिकली. परवान्यासाठी मग शहरात गेली, तिथे खोली परवडली नाही तशी गाडीत झोपली, वर्गात एकटीच बाई आणि एकटीच लाकोटा. परवाना घेऊन परत आली तेव्हा तिला वाटलं, झालं आता.

कुठलं व्हायला? पुढच्या प्रत्येक रस्त्याच्या कामाला कंत्राटदार यायचा, आर्डिसला एका मशीनवर बसवायचा आणि बाकीच्यांना सांगायचा, "बघा, तुमची एक घेतलीय. अजून घ्यायला तयार आहोत, पण परवाना कुठाय तुमच्या पोरांकडे?" आणि ग्रेडरच्या काचेतून आर्डिसला समोर दिसायची तसलीच पाटी. प्रत्येक उन्हाळ्यात नवी पोरगी, पाटी तीच.

आमच्या कॉलेजात तेव्हा नर्सिंग होतं, मास्तरकी होती, आपली भाषा होती, रानगवे पाळायचं शिक्षणही होतं. रस्ता मात्र कुठल्याच वर्गात नव्हता. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या सरकारनं आदिवासी कॉलेजांसाठी मदत काढली. पोरांना वाहतुकीचे धंदे दाखवा, शिकवा, कामाला लावा, साधनं आम्ही देऊ. कॉलेजचा प्राचार्य लॉयड हा आर्डिसचा चुलतभाऊ. माणूस चांगला, पण सरकारी कागद दिसला की त्याच्या कपाळावर घाम यायचा. आर्डिसनं त्याच्याकडे रस्त्याच्या वर्गाचा हट्ट धरला. तो म्हणाला, "ताई, आधी पंचायतीला विचारू."

पंचायतीत यूजीन गुडव्हॉइस बसायचा. आडनाव 'गोड गळ्याचा', पण तोंड उघडलं की समोरच्याचा बाजार उठवायचा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईच्या हातात ग्रेडर दिलात तर रस्ता आधी तिच्या बहिणीच्या घरी जाईल."

सभा खदखदून हसली. आर्डिस उठली. "जाईल. आणि तिथून पुढे तुझं दार चुकवून वळसा घालून जाईल."

मग तिनं सोबत आणलेली ती जुनी पाटी टेबलावर आपटली. म्हणाली, "आपली पोरं हेच धरणार असं तुमचं ठरलंच असेल, तर निदान पाट्या तरी आपण बनवू. चार पोरांना रंगाचं काम मिळेल."

हसू थांबलं. कोणीतरी दबकत म्हणालं की वॉशिंग्टनचे उपकार घेतले की त्यांच्या अटी येतात. त्यावर ती जी भडकली, ती कोणाला आवरेना. उपकार कसले? नदीपासून डोंगरापर्यंतची जमीन त्यांनी घेतली तेव्हा शाळा देऊ, विद्या देऊ असं लिहून दिलं होतं की नाही? मग हे दान नव्हे, कराराचं काम आहे, तेही उशिरानं आलेलं. ठराव झाला. विरोधात हात एकच, यूजीनचा.

अशा रीतीनं कॉलेजात जड वाहनांचा वर्ग सुरू झाला, शिकवायला आर्डिस. मोठा पांढरा ट्रक आला, हिवाळ्यात त्याच्या तोंडाला बर्फ लोटायचं पातं बसायचं. पोरं आर्डिसला बाई म्हणत नव्हती, आत्या म्हणत होती. आत्यानं शिव्या दिल्या तर राग धरता येत नाही, हा त्यातला फायदा. ती शिकवायची म्हणजे ओरडायची. "आरसा बघ. मागे काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं पुढे जाऊ नये. हे ट्रकचं सांगतेय, आणि पंचायतीचंही."

तिची खरी भाची, सख्ख्या भावाची मुलगी जस्टिना, त्याच वर्गात होती. पेट्रोल पंपावर गल्ल्यावर बसायची, पदरात लहान मुलगी. येत्या उन्हाळ्यात नदीवरच्या नव्या पुलाचं काम निघणार होतं. परवाना असेल त्याला मशीनवर घेऊ, असं कंत्राटदारानं या खेपेला पंचायतीसमोर कबूल केलं होतं. जस्टिनाची परीक्षा हिवाळ्याच्या अखेरीस, त्याच पांढऱ्या ट्रकवर व्हायची होती. ट्रक तर परीक्षा, परीक्षा तर पूल. गणित इतकं सोपं होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. हिवाळ्यात माणूस गेला की रस्तेवाले आधी त्याच्या घराची वाट बर्फातून मोकळी करतात, मग टेकडीवरच्या स्मशानाची. त्यानंतर दवाखान्याची, शाळेची, दुकानाची. तसा हुकूम कोणी काढत नाही, तशी नोंद कुठे होत नाही. गेलेला माणूस आपल्या वाटेवर अडकून पडू नये, एवढंच. आणि वाट मोकळी करताना माणूस कसा होता हे कोणी विचारत नाही.

त्या फेब्रुवारीत तीन दिशांनी बर्फाचा वारा सुटला आणि यूजीन गुडव्हॉइस गेला.

त्याच आठवड्यात वॉशिंग्टनहून हॉलस्टेड नावाचा अधिकारी वर्ग पाहायला येणार होता. मदत पुढे चालू ठेवायची की नाही, हे त्याच्या अहवालावर ठरायचं. लॉयडनं आर्डिसला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, सगळी पोरं वर्गात हवीत, ट्रक धुऊनपुसून अंगणात हवा. ती हो म्हणाली होती. आणि त्या सकाळी उजाडताच ट्रकला पातं लावून, पोरांना घेऊन यूजीनच्या घराकडे निघून गेली. लॉयडला तिनं फसवलं नाही. आपण वर्ग चुकवतोय, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. ट्रक आहे, बर्फ आहे, शिकणारी पोरं आहेत, माणूस गेलाय. मग वर्ग दुसरा कुठे भरणार?

हॉलस्टेड आला तेव्हा वर्गात खुर्च्या होत्या आणि फळ्यावर ब्रेकचं चित्र. लॉयडनं त्याला कॉफी पाजली, मग दुसरा कप पाजला, आणि तिसरा कप भरायची हिंमत न झाल्यानं गाडीत घालून टेकडीकडे नेला.

टेकडीच्या चढावर ट्रक मागच्या बाजूनं चढत होता. वर फिरवायला जागा नाही, म्हणून खालून वरपर्यंत मागे मागेच न्यायचा आणि उतरताना बर्फ लोटत यायचं. स्टिअरिंगवर जस्टिना. आर्डिस बाजूच्या पायरीवर लटकून बोंबलत होती, आरसा, आरसा. खाली पिकअप गाडीत यूजीनची शवपेटी, तिच्यामागे गाड्यांची रांग, आणि त्यातून एकही भोंगा वाजत नव्हता. वाट मोकळी झाली. पेटी वर गेली. हॉलस्टेडनं टोपी काढून हातात धरली होती, आणि दुसऱ्या हातानं फोटोही काढले.

मग सभागृहात जेवण. गव्याच्या मांसाचं सूप, तळलेली रोटी, रानबोरांची गोड लापशी. हॉलस्टेडच्या ताटात कोणी ना कोणी वाढतच होतं. यूजीनची बायको मोठ्या ताऱ्याची नक्षी असलेली मानाची गोधडी घेऊन आली आणि सगळ्यांसमोर तिनं ती आर्डिसच्या खांद्यावर टाकली. म्हणाली, "तो जाताना सांगून गेला, ती बाई येईलच. तिला म्हणावं वळणावर हळू."

आर्डिसला हसू आलं आणि डोळ्यांतही पाणी आलं. तिनं दोन्ही पुसून टाकलं.

हॉलस्टेड वाईट माणूस नव्हता, हे आर्डिसही मान्य करते, दात खाऊन का होईना. त्यानं तिला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की मुलगी ट्रक छान चालवते. पण हा ट्रक शिकवण्यासाठी दिलाय, गावकीच्या कामासाठी नाही. खासगी अंत्यविधीला वापरला असंच त्याला लिहावं लागेल.

"खासगी?" आर्डिसनं सभागृहाकडे हात केला. आत सगळा मुलूख जेवत होता. "यातला खासगी कोण ते दाखवा."

त्यानं दाखवलं नाही. लिहिलं मात्र.

थोड्याच दिवसांत कागद आला. असा वापर पुन्हा होणार नाही, एवढं एकच वाक्य छापलेलं, त्याखाली शिक्षिकेनं सही करावी. तोवर ट्रक कुलपात ठेवावा. सही न आल्यास मदत उन्हाळ्यात थांबेल. लॉयड कागद घेऊन आर्डिसच्या घरी गेला. त्यानं विनवलं. म्हणाला, सही कर आणि विसरून जा, कोण बघायला येतंय?

"मग खोटं लिहू?"

"खोटं नाही गं ताई, पद्धत असते ती."

"पद्धत आपलीही आहे." तिनं पेन घेतलं. दिलेल्या वाक्यावर काट मारली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पुन्हा होईल.' त्याखाली सही ठोकली.

लॉयडनं कागद वाचला. मग त्यानं तिच्या वर्मावर बोट ठेवलं. "जस्टिनाचं काय? ट्रक कुलपात म्हणजे परीक्षा नाही. परीक्षा नाही म्हणजे पूल नाही. तुझ्या ताठ मानेची किंमत त्या पोरीनं द्यायची?"

आर्डिस उठली. तिनं त्याला दार दाखवलं. पण त्यानं कागद नेला नाही, तो टेबलावरच राहिला, आणि आर्डिस त्याच्याभोवती फिरत राहिली. लोकांसमोर पाटी आपटणं सोपं असतं. आपल्याच भाचीच्या पोटावर पाय येतोय म्हटल्यावर अक्षर डगमगतं. कधी नव्हे ते तिच्या मनात आलं, खोडावं का?

दुसऱ्या दिवशी ती पेट्रोल पंपावर गेली आणि जस्टिनाला सगळं सांगितलं. गिऱ्हाईकाला सुटे देता देता जस्टिनानं ऐकून घेतलं.

"आत्या, तू गेलीस की तुझी वाट कोण मोकळी करणार?"

"माझं मरण कुठून काढलंस मधेच?"

"मी करणार आहे. आणि तेव्हा ट्रक कुलपात असेल असं तू आत्ताच लिहून देणार? त्या वाक्यावर सही केलीस तर परीक्षेला मी नाही बसणार. गल्ल्यावर बसायला काय, बूड बसलेलंच आहे इथं."

आर्डिसनं एक पाकीट शेंगदाणे घेतलं, पैसे न देताच निघाली, आणि कागद जसा होता तसा नेऊन लॉयडच्या टेबलावर ठेवला.

लॉयडनं तो वॉशिंग्टनला पाठवला नाही, खणात ठेवला. ट्रकला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या खिशात घातली. गावात त्याच्याशी कोणी भांडलं नाही. फक्त समोरून गाडी आली तर माणसं स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करतात, तेवढं बोट उचलायचं लोकांनी बंद केलं. आमच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही.

मार्चात पुन्हा वादळ आलं. जमातीचा जुना ग्रेडर मोठ्या रस्त्यावरच रुतून बसला, आणि पश्चिमेच्या वस्तीत एक म्हातारी गेली. सकाळी लॉयड कॉलेजवर आला तर शेडच्या दारासमोर माणसं उभी. वर्गातली पोरं, म्हातारीचे मुलगे, यूजीनची बायको, कमरेला पट्टा बांधलेला क्लेमेंटमामा, आणि सगळ्यांच्या मागे आर्डिस. कोणी काही मागितलं नाही. सगळ्यांच्या नाकातोंडातून वाफ निघत होती.

लॉयडनं खिशात हात घातला. मग त्यानं किल्ली काढून जस्टिनाच्या हातात दिली आणि आर्डिसला म्हणाला, "मी काही पाहिलेलं नाही."

"पाहा," ती म्हणाली. "नीट पाहा. आणि मग लिही."

त्यानं लिहिलं. कपाळावरचा घाम पुसत त्याच दुपारी त्यानं खणातून तो कागद काढला आणि आर्डिसच्या दोन शब्दांखाली आपली ओळ जोडली: 'पुन्हा झालं. ट्रक विद्यार्थ्यांनी चालवला, शिक्षिका सोबत होती, आमच्या मुलखात हिवाळ्याचा धडा असाच शिकवला जातो. कुलूप मी काढून टाकलं आहे.' मग आपलीही सही करून त्यानं तो वॉशिंग्टनला रवाना केला.

सरकारचं उत्तर आलं. प्रकरण विचाराधीन आहे, निर्णय होईपर्यंत वर्ग चालू ठेवण्यास हरकत नाही. विचाराधीन म्हणजे काय, हे कुठल्याही देशातल्या सरकारी माणसाला विचारा. हो नाही आणि नाहीही नाही. आर्डिसला एवढी फट पुरेशी होती. जस्टिनानं त्याच पांढऱ्या ट्रकवर परीक्षा दिली. पास होऊन आली तेव्हा आर्डिस म्हणाली, "वळण जरा मोठं घेतलंस." म्हणजे शाबासकी.

उन्हाळ्यात पुलाचं काम निघालं. पहिल्या सकाळी जस्टिना नवे बूट घालून परवाना घेऊन गेली. नवा मुकादम तरुण होता, हसतमुख होता. त्यानं परवाना न बघताच गाडीतून लांब दांडीची पाटी काढली आणि तिच्या हातात दिली. म्हणाला, आज एवढं धर, मशीनचं उद्या बघू.

जस्टिनानं पाटी उलटसुलट करून पाहिली. थांबा, हळू. मग ती पाटी तिनं मुकादमाच्याच हातात परत दिली.

"ही माझ्या आत्यानं धरून झालीय. मला किल्ली दे."

मुकादम म्हणाला, बाकीच्यांसमोर असं बोलू नये. जस्टिना म्हणाली, बाकीच्यांसमोरच बोलायचंय. तिच्यामागे वर्गातली आणखी पोरं उभी होती, परवानेवाली. त्यांच्यातलं कोणी पाटीला हात लावेना. रस्त्यावर दोन्हीकडून गाड्या येऊन थांबल्या, कारण त्यांना सोडायला कोणी नव्हतं. शेवटी मुकादम स्वतः पाटी घेऊन उभा राहिला, आणि किल्ली जस्टिनाकडे आली.

पलीकडच्या चढावर आर्डिसचा ग्रेडर उभा होता. तिनं सगळं पाहिलं. हात हलवला नाही, भोंगा वाजवला नाही. स्टिअरिंगवरून एक बोट उचललं आणि पातं खाली टाकलं.

तो पूल आता झालाय. वर्ग अजून विचाराधीन आहे आणि अजून भरतोय. आर्डिसची जुनी पाटी शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. नवं पोर आलं की ती त्याला आधी ती हातात धरायला लावते, मग परत खिळ्याला लावायला सांगते, आणि मग ट्रककडे नेते.

तेव्हा वाचणाऱ्या बाईमाणसांनो, बुवांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या गावात रस्त्याचं काम निघेल तेव्हा काच खाली करा, उतरा आणि धुळीत जरा उभे राहा. पाटी कोणाच्या हातात आहे आणि किल्ली कोणाच्या, ते डोळ्यांनी बघा. पाटी गावच्या पोरीच्या हातात असेल, तर पुढे जाण्याआधी मुकादमाला मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, की हिला किल्ली कधी देणार.